अकरा झाडांची नोंद

माणसाला फळं खायची असली की तो पिशवी घेऊन बाजारात जातो. जावकराव वही घेऊन एका रविवारच्या शिबिराला गेले, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात ते एकतीस वर्षं काम करत होते. कचेरीतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावर यायचा, त्याला क्रमांक मिळायचा, शिक्का बसायचा, आणि मगच त्याला बाहेरचं जग बघायला मिळायचं. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा त्यांनी संदर्भ क्रमांक नाही म्हणून दोन दिवस अडवून ठेवला होता. तेवढ्या वेळात साहेबांचा राग उतरला. तेव्हापासून जावकरावांची अशी पक्की समजूत झाली होती की जगात जे काही वाईट घडतं, ते कागद नीट नसल्यामुळे घडतं. हे एक वाक्य ध्यानात ठेवलं तर पुढे त्यांनी जे केलं ते समजेल. समजेल म्हणजे पटेलच असं नाही.

शिबिराचा विषय होता ‘परसातली स्वयंपूर्ण सेंद्रिय फळबाग’. शिकवणारे गृहस्थ इतके बारीक होते की त्यांनी आयुष्यात फळाशिवाय काही खाल्लं नसावं, किंवा फळसुद्धा खाल्लं नसावं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. झाड पान टाकतं, पानाची माती होते, माती झाडाला जगवते, झाड फळ देतं. यात माणसाचं काम काय, तर बसून खाणं. हे शेवटचं कलम जावकरावांना विशेष आवडलं. त्यांनी ते वहीत दोनदा लिहून घेतलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की त्यांचं परस होतं. तीस फूट लांब, वीस फूट रुंद. त्यात एक कपडे वाळत घालायची दोरी, एक बिनचाकाची सायकल आणि घर बांधताना उरलेला विटांचा ढीग एवढी मालमत्ता होती. जावकरावांनी विटा हलवल्या, तर खाली आणखी विटा निघाल्या. त्याखाली सिमेंटची ढेकळं. माती म्हणावी अशी वस्तू अडीच फुटांवर भेटली, तीही चिमूटभर. मग बारा पोती माती बाहेरून आली. पालापाचोळा रस्त्यावरून गोळा झाला. शेणखत तीन मैलांवरच्या गोठ्यातून आणलं. स्वयंपूर्ण होण्यासाठी जे जे लागतं ते सगळं बाहेरून आणावं लागतं, हे शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

डावीकडचे शेजारी निवृत्त भूमापक. त्यांना आख्खी गल्ली फूटपट्टी म्हणते आणि त्यांना ते ठाऊक आहे. पहिला खड्डा पडला तेव्हाच ते टेप घेऊन भिंतीवरून डोकावले. दोन फळझाडांत पंधरा फूट अंतर हवं, असं त्यांनी सांगितलं. मग स्वतःच माप घेऊन, आकडेमोड करून, या परसात दोन झाडं बसतील आणि तिसऱ्याचा अर्धा भाग माझ्या हद्दीत येईल, असा निर्णय दिला. जावकरावांनी झाडं आणली होती अकरा. फूटपट्टींनी ती मोजली, पुन्हा मोजली आणि न बोलता टेप गुंडाळला. त्यांच्या न बोलण्याने जावकरावांना जेवढं लागलं, तेवढं बोलण्याने लागलं नसतं.

उजवीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा दवाखाना घरातच, खिडकी जावकरावांच्या परसाकडे. वर काय दिसतं त्यावर जाऊ नका, सगळा खेळ मुळाचा असतो, हा त्यांचा सल्ला. तो बहुधा त्या प्रत्येकालाच देत असाव्यात. पण जावकरावांनी मनावर घेतला आणि लावलेली झाडं दोन दिवसांनी उपटून मुळं कशी आहेत ते बघितलं. मुळं उत्तम होती. उपटल्यामुळे तीन झाडांनी माना टाकल्या, ती गोष्ट वेगळी.

रोपवाटिकेच्या मालकाने दोन पपया दिल्या होत्या. पपईत नर आणि मादी वेगळी असते आणि फळासाठी दोन्ही लागतात, असं सांगून त्याने एक नर आणि एक मादी हातात ठेवली. यातली कुठली कुठली, असं जावकरावांनी विचारलं. तो म्हणाला, फुलल्यावर कळेल. दोन्ही नर निघाले तर? तर तिसरी घेऊन जा, तो म्हणाला. जावकरावांना हे उत्तर कुठेतरी चुकतंय असं वाटत राहिलं, पण नेमकं कुठे ते घरी पोचेपर्यंत सापडलं नाही. त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे प्रत्येक झाडाला पत्र्याची चकती बांधली आणि तिच्यावर क्रमांक रंगवला. एक नंबर लिंबू, दोन डाळिंब, तीन पेरू. पपयांच्या चकत्यांवर चार आणि पाच, पुढे प्रश्नचिन्ह.

आणि खताचा ड्रम. घरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि शेण यांचे थर देऊन ड्रम झाकून ठेवायचा, चाळीस दिवसांत काळं सोनं तयार, असं वहीत होतं. अकराव्या दिवशी त्यातून जे यायला लागलं त्याला सोनं म्हणणं धाडसाचं होतं. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाई दारात. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तोंड मिटून बसलेला माणूस नाक दाबू शकतो. पण त्यांच्या खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं, हात खुर्चीच्या दांड्यांवर असतात, आणि त्याला पळूनही जाता येत नाही. ड्रम डाव्या भिंतीला गेला. फूटपट्टींनी रुमाल उंच धरून वाऱ्याची दिशा काढली आणि ड्रम परत उजवीकडे आला. असं चारदा झाल्यावर जावकरावांच्या बायकोने ड्रमचं झाकण उघडलं, आत एक कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग पाहिला आणि सांगितलं की आंबट झालंय, राख घाला. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. राख घातल्यावर वास तीन दिवसांत गेला. जावकरावांनी शिबिराची वही चाळून पाहिली, त्यात राखेचा उल्लेख कुठेच नव्हता. ज्याची नोंद नाही तो उपाय चालला कसा, या विचारात त्यांचा एक रविवार गेला.

आता सात नंबरच्या झाडाबद्दल सांगायला हवं, कारण बाकीची दहा त्याच्यासाठीच लावली होती, जरी जावकरावांनी हे कधी कोणाजवळ कबूल केलं नसतं.

सात नंबर अंजीर. ते रोपवाटिकेतून आलेलं नव्हतं. बायकोच्या माहेरच्या अंगणात एक अंजिराचं झाड होतं, तिच्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी लावलेलं. अण्णा गेले. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं आणि घर त्या रेषेत आलं. घर पाडायच्या आठवड्यात ही दोघं शेवटची म्हणून गेली. घराचं छप्पर उतरवलेलं होतं, ते तिने पाहिलं आणि गप्प राहिली. मग अंगणात आली तर झाडाच्या जागी भुसा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बाई, या झाडाची नोंदच नव्हती, असती तर आम्हाला हात लावता आला नसता. तिने त्याला एवढंच विचारलं की किती वेळ लागला. तो म्हणाला, अर्धा तास. मग ती तिथेच विटांवर बसून रडली. पडलेल्या फांद्यांतून तीन काड्या तिने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. दोन वाळल्या. तिसरीला चाळीस दिवसांनी नखाएवढं पान आलं.

त्या दिवशी तिथे असलेल्या सगळ्यांना तिचं दुःख दिसलं. जावकरावांना त्रुटी दिसली. नोंद नव्हती! चाळीस वर्षांचं झाड, आणि कागद नाही! बायकोला कसं समजवावं हे त्यांना त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि पुढेही कळलं नाही, पण या त्रुटीचं काय करायचं हे मात्र त्यांना लख्ख कळलं. सातवं झाड सरकारी दप्तरात चढवायचं. आणि एकट्या सातव्यावर संशय यायला नको, म्हणून अकराच्या अकरा चढवायची. बायकोला आधी काही सांगायचं नाही. शिक्क्याचा उतारा थेट तिच्या हातात ठेवायचा.

वृक्ष विभागाची कचेरी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात कुंड्या होत्या आणि त्यात फक्त माती होती. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्मा गळ्यात, तारखेचा शिक्का हातात. जावकरावांना शिक्का बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. अकरा झाडांची नोंद करायची आहे, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी विचारलं, कुठली तोडायची? एकही नाही. मग आलात कशाला?

हा प्रश्न जावकरावांना कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं, आणि नियम समजावून सांगणाऱ्या माणसाविषयी जावकरावांना मुळातच आदर असल्यामुळे ते मन लावून ऐकत राहिले. झाड नोंदवहीत येतं ते दोनच वाटांनी. एक, दहा वर्षांनी होणारी झाडांची गणना. ती गेल्याच्या गेल्या वर्षी झाली. दोन, तोडण्यासाठीचा अर्ज. अर्ज आला की पाहणी होते, झाडाला क्रमांक मिळतो, अर्ज नामंजूर झाला की क्रमांक कायम राहतो आणि झाडाला कोणी हात लावू शकत नाही. नुसतं ‘माझ्याकडे झाड आहे’ असं सांगायला आजवर इथे कोणी आलेलं नाही.

“आणि अर्ज नामंजूर होतात?” जावकरावांनी विचारलं.

“सगळे होतात. एकोणीस वर्षांत मी दोन मंजूर झालेले पाहिलेत.”

जावकराव खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी हलत होतं. मागच्या माणसाने खोकून दाखवलं तरी ते हलले नाहीत.

“मग मी तोडायचा अर्ज केला, तर?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन प्रती सरकवल्या. “करा की,” त्या म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण त्या दुपारी जावकरावांना स्वतःच्या बुद्धीचा एवढा अभिमान वाटला की ते जिना उतरताना त्या रिकाम्या कुंड्यांकडेही मायेने बघत होते. अर्ज भरायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या. अडचण एकाच रकान्याची होती. तोडण्याचे कारण. झाड धोकादायक आहे, असं लिहिलं तर कोणी खरं मानायचं. रोगट आहे, लिहिलं तर औषध फवारायला यायचे. कारण असं हवं की वाचणाऱ्याने हसून अर्ज फेटाळावा. खूप विचार केल्यावर त्यांनी ‘इतर’ या शब्दापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पत्नीस झाडे आवडत नाहीत.’ एवढ्या कारणावर कोण झाड तोडतं? प्रत्येक झाडाला वेगळा रकाना होता. त्यांनी ते अकरा वेळा लिहिलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, या हिशेबाने ते निवांत होते. पाहणीसाठी निरीक्षक नवव्या दिवशी आले. घरात जावकराव एकटेच होते, आणि हा त्यांनी शुभशकुन मानला. निरीक्षक तरुण होते, नियमांचे पक्के. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असा नियम. त्यांनी टेप काढला, लिंबासमोर उभे राहिले आणि छातीच्या उंचीवर हवा धरली. झाड गुडघ्यापर्यंत होतं. डाळिंब त्याहून ठेंगणं. आता छाती झाडापर्यंत न्यायची की झाड वाढेपर्यंत थांबायचं, यावर दोघांनी बराच विचार केला. भिंतीवरून फूटपट्टी म्हणाले की उकिडवं बसलं तर छातीची व्याख्या बदलत नाही, फक्त जागा बदलते. निरीक्षकांना ते पटलं. त्यांनी अकरा झाडांपुढे अकरा वेळा उकिडवं बसून घेर घेतला. सात नंबरपुढे ‘तीन सेंटिमीटर’ असा आकडा पडला. जाताना ते गुडघे चोळत म्हणाले, काळजी करू नका, तुमचं काम होऊन जाईल. जावकरावांनी त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवलं.

महिन्याभराने लिफाफा आला. जावकरावांनी तो उघडला, आधी जावक क्रमांक बघितला, शिक्का सरळ बसलाय ना ते बघितलं, आणि मग मजकुराकडे वळले. त्यात लिहिलं होतं की आपला अर्ज मंजूर करण्यात येत आहे.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. पुन्हा वाचला. दहा सेंटिमीटरहून कमी घेराच्या झाडास संरक्षण लागू नाही, सबब तोडण्यास हरकत नाही, विभागाचे पथक तीस दिवसांत येऊन काम पूर्ण करील, अर्जदाराने सहकार्य करावे. ज्या कागदाच्या भरवशावर झाड वाचवायचं होतं, तोच कागद कुऱ्हाड घेऊन निघाला होता, आणि त्याच्यावर शिक्का अगदी सरळ बसला होता.

दुसऱ्या दिवशी ते कचेरी उघडायच्या आधी त्या जिन्यात उभे होते. बाई म्हणाल्या, अर्ज मागे घेता येतो, पण निर्णय होण्याआधी. मग अपील करतो, जावकराव म्हणाले. अपील नामंजुरीवर असतं, बाई म्हणाल्या, तुमचं मंजूर झालंय, तुम्ही जिंकलात, आता अपील कशावर करणार? मला जिंकायचं नव्हतं, असं ते पुटपुटले. तसा रकाना नाही, बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर कळवळा होता. त्यांनी मुद्दाम उठून पथकाच्या वेळापत्रकाची चौकशी केली. पथक कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत जाईल हे पथकालाच सकाळी कळतं, असं उत्तर मिळालं.

जावकरावांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा सलग चार दिवस रजा घेतली आणि परसात खुर्ची टाकून बसले. बायकोने विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, बागेकडे लक्ष द्यायचंय. तिला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन अंजिरापाशी बसायची. त्याला आता सात पानं आली होती. ती त्यांच्याशी अण्णांबद्दल बोलायची, अण्णा फळं पक्ष्यांसाठी वरच्या फांदीवर कशी मुद्दाम सोडायचे, वगैरे. दर वेळी जावकरावांना वाटायचं की आता सांगून टाकावं. दर वेळी त्यांना ते अकरा वेळा लिहिलेलं वाक्य आठवायचं आणि ते पालापाचोळा गोळा करायला उठायचे. असा चोर स्वतःच्याच परसात त्यांनी याआधी पाहिला नव्हता.

चार दिवसांत कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी कचेरीत जाणं भाग पडलं, कारण त्यांच्या मागे जावक तुंबली होती. अकराच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. फूटपट्टी बोलत होते. तुमच्या दारात एक ट्रक उभा आहे, लांबी अंदाजे बावीस फूट, आणि वहिनी लवकर घरी आल्यात. त्या काहीतरी वाचतायत.

जावकराव हातातला कागद क्रमांक न टाकता तसाच ठेवून धावले.

ट्रकवर शिडी होती, उंच फांद्यांसाठी पाळणा होता. डोक्यावर टोप्या घातलेली चार माणसं खाली उतरून उभी होती. एकाच्या हातात जाड बुंधे कापायचं यंत्र होतं, आणि ते कुठे लावावं हे न कळून तो ते या हातातून त्या हातात घेत होता. मुकादम उपड्या बादलीवर बसून यादी बघत होता. जावकराव दिसताच त्याने उठून नमस्कार केला आणि अगदी मनापासून विचारलं, “साहेब, झाडं कुठायत?”

शाळेत परीक्षा असल्यामुळे बायको दुपारच्या आधीच सुटली होती. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच होता. हातात आदेशाला जोडलेली अर्जाची प्रत. डॉक्टरीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे गालात कापूस धरलेला एक पेशंट. भिंतीवरून फूटपट्टी डोकावत होते.

“हे तुमचं अक्षर आहे ना?” तिने विचारलं.

“हो.”

“‘पत्नीस झाडे आवडत नाहीत.’ अकरा वेळा लिहिलंय.”

“प्रत्येक झाडाला वेगळा रकाना होता,” जावकराव म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की हे उत्तर नव्हे.

“सातव्यालासुद्धा.”

जावकरावांना फार वाईट वाटलं. आयुष्यात त्यांनी शेकडो खुलासे वाचले होते, पण या क्षणी त्यांना एकाचाही मायना आठवेना. मग जसं सुचेल तसं, पाच अनोळखी माणसं, एक पेशंट आणि दोन्ही शेजाऱ्यांसमोर ते बोलत सुटले. तो अर्ज नामंजूर व्हायला हवा होता. नामंजूर झाला असता तर नोंद झाली असती. छाती खाली आली म्हणून घेर कमी भरला.

“अण्णांच्या झाडाची नोंद नव्हती म्हणून ते गेलं,” ते म्हणाले. “याची असावी असं वाटलं मला. कागदावर असलं की कोणी हात लावत नाही.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या मुलाने गणित सगळं बरोबर मांडून उत्तर चुकवावं, तेव्हा ती शाळेत अशीच बघत असावी.

“अण्णांच्या घराचे सगळे कागद होते,” ती म्हणाली. “पेटीभर. नकाशा, उतारा, पावत्या. तुम्हीच तर क्रमांकाने लावून दिले होते.”

“हो.”

“मग घर कुठंय?”

जावकराव उभे होते तिथेच विटांच्या ढिगावर बसले. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांच्या टेबलावर एकदाही आला नव्हता.

मुकादम म्हणाला की त्याच्या घरीसुद्धा दोन पेरू आहेत, आणि असली पोरवयाची झाडं तोडायला त्यालाही हौस नाही. पण आदेश निघालाय, तो निकालात काढायला हवा. त्याच्या कागदावर तीन रकाने होते. तोडले. अर्धवट तोडले. आढळले नाही. तोडायचं नाही असा रकाना नव्हता. अर्जदाराने तिसऱ्या रकान्यात सही केली तर प्रकरण आजच बंद.

म्हणजे अकरा झाडांच्या मधोमध उभं राहून, इथे एकही झाड नाही, असं जावकरावांनी लिहून द्यायचं होतं. ज्या माणसाने साहेबांचा राजीनामा अडवला होता, त्याने. त्यांनी पेन काढलं. बायकोने त्यांच्यापुढे आपली पाठ केली आणि कागद टेकवायला दिला. पहिली सही त्यांनी रकाना दोनदा वाचून केली. सातवी सही त्यांनी सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत नीट केली.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. पुरावा म्हणून जागेचा फोटो लागत होता, आणि फोटोत झाड दिसायला नको होतं. मुकादमाने परसाकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि आपल्या माणसांना सांगितलं की एकेक झाड वाटून घ्या आणि त्याच्यापुढे उभे राहा. खताचा ड्रम सरकवून दोन पपयांपुढे आणला. फूटपट्टी भिंत ओलांडून आले, त्यांनी कोनाचा हिशेब करून डाळिंबापुढची जागा निवडली. डॉक्टरीणबाई पेरूपुढे. कापसाच्या पेशंटला बोलता येत नसल्यामुळे नाही म्हणता आलं नाही, तोही तुतीपुढे उभा राहिला. यंत्रवाल्याने यंत्र खाली ठेवून केस सारखे केले.

जावकराव उठले आणि अंजिराकडे निघाले. ही जबाबदारी आपलीच, एवढं तरी त्यांना स्पष्ट कळत होतं.

बायको आधीच तिथे येऊन थांबली होती.

“अहो, तुम्ही लिंबापाशी जा,” ती म्हणाली. “इथे मी उभी राहते.”

तिने कोटाची बटणं सोडली, दोन्ही टोकं हातांनी धरून बाजूला पसरली आणि अंजिराला पाठीशी घेऊन उभी राहिली. मुकादम म्हणाला, बाई, डावीकडून एक पान दिसतंय. ती एक पाऊल मागे सरकली. जावकराव लिंबापुढे ताठ उभे होते, पण त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. फोटो तीनदा घ्यावा लागला, कारण कोणी ना कोणी हलत होतं. ती मात्र शेवटपर्यंत हलली नाही.